र्‍होड्स : तटबंदी, लिंडोस आणि बाकीचं बेट (माहिती आणि नियोजनाचा धागा)

बुरूजबंद

ग्रीसची सहल म्हटली की सँटोरिनी आणि मिकोनोस यादीत आपोआप येतात. ज्यांना किल्ले बघायची खोड आहे, त्यांनी त्यातलं एक खुशाल गाळावं आणि ते दिवस र्‍होड्सला द्यावेत. आधी थोडा इतिहास, मग पायाखालचे तपशील. बाकी भर जाणकारांनी घालावी.

बेट तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोर आहे. लांबी साधारण ८० किलोमीटर, क्षेत्रफळ १,४०० चौरस किलोमीटरच्या आसपास. डोडेकनीज द्वीपसमूहातलं हे सर्वांत मोठं बेट. लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस या तीन जुन्या नगरांनी इ.स.पू. ४०८ च्या सुमारास एकत्र येऊन उत्तर टोकाला नवं शहर वसवलं. रस्ते काटकोनात आखलेले. आजच्या जुन्या शहरातल्या कित्येक गल्ल्या त्याच आखणीवर आहेत. नाइट मंडळींचा (मध्ययुगात इथे राज्य करणारा ख्रिस्ती लढाऊ पंथ) प्रसिद्ध रस्तासुद्धा प्राचीन रस्त्यावरच बसलेला आहे.

१३०९ मध्ये सेंट जॉनच्या नाइटनी शहर घेतलं आणि २१३ वर्षं राखलं. १५२२ मध्ये ऑटोमन सुलतान सुलेमानने ते जिंकलं. १९१२ पर्यंत ऑटोमन अंमल, मग इटालियन, १९४३ पासून जर्मन, युद्धानंतर थोडे दिवस ब्रिटिश आणि १९४७ च्या पॅरिस तहाने ग्रीस. जुनं शहर १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आता तटबंदी. शहराभोवतीचा तट सुमारे ४ किलोमीटरचा. बहुतेक लोक तो आतून बघतात, म्हणजे दुकानांच्या डोक्यावरून दिसेल तेवढाच. खरा तट खंदकातून दिसतो. खंदक कोरडाच आहे, पाणी त्यात कधी सोडत नसत. आत चालायला तिकीट नाही. पश्चिमेच्या दांब्वाझ दरवाज्यापाशी उतरलं की दक्षिणेकडून वळसा घेत पूर्वेला बंदराच्या अंगाला बाहेर निघता येतं. रमतगमत दीड तास धरा. सावली जवळपास नाही, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं कलल्यावर. पाणी बरोबर घ्या, खंदकात टपरी नाही.

काय बघायचं? पहिलं म्हणजे तटाची जाडी. तोफा आल्यावर उंच आणि सडपातळ भिंत कुचकामी ठरते. म्हणून १४८० च्या ऑटोमन वेढ्यानंतर ग्रँड मास्टर (नाइटांचा प्रमुख) पिएर दोब्युसाँ आणि त्याच्या वारसांनी तट आतून भरून रुंद केला, काही ठिकाणी १२ मीटरपर्यंत. फांजीवरून (तटाच्या माथ्यावरची चालायची वाट) तोफगाडा सहज ओढता येईल इतकी रुंदी. दुसरं, खंदक मध्येच दुभंगतो आणि मधोमध खडकाचा एक सुटा बांध उभा राहतो. तो मुद्दाम न खोदता सोडलेला भाग आहे, बाहेरच्या तोफेचा गोळा मुख्य तटाच्या पायाला लागू नये म्हणून. तिसरं, भिंतीत बसवलेल्या संगमरवरी ढाली. प्रत्येक ग्रँड मास्टरने आपल्या डागडुजीवर आपलं चिन्ह लावलं आहे. एकदा चिन्हं ओळखता आली की कोणता तुकडा कोणाच्या काळातला ते चालता चालता कळतं. आणि दगडी तोफगोळे! ते अजून खंदकात जागोजाग पडलेले आहेत.

तट भाषावार वाटलेला होता. नाइटांचे गट त्यांच्या मुलुखानुसार, त्यांना 'जिव्हा' म्हणत. दांब्वाझ दरवाज्यापासून दक्षिणेकडे जाताना जर्मनी, ओव्हेर्न्य, स्पेन, इंग्लंड, प्रोव्हाँस, इटली असा क्रम लागतो. प्रत्येकाने आपापला तुकडा लढवायचा.

ठोकळा

छान धागा. पण कोलोसस या प्राचीन महाकाय पुतळ्याचं एक अक्षर नाही? सात आश्चर्यांपैकी एक तिथे होतं ना? मान्द्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणं आहेत, तिथेच त्याचे दोन पाय होते असं सगळीकडे वाचलं.

अर्धवर्तुळ

@ठोकळा, दोन पाय फाकवून उभा असलेला आणि मधून गलबतं जाणारा कोलोसस ही फार नंतरची कल्पना. तसा पुतळा उभारायचा तर बांधकामाची वर्षानुवर्षं बंदराचं तोंडच बंद ठेवावं लागलं असतं. शिवाय पडल्यावर तो पाण्यात गेला असता, आणि जुने लेखक तर तो जमिनीवर पडलेला सांगतात.

जे पक्कं आहे ते असं. इ.स.पू. ३०५ मध्ये मॅसिडोनियन सेनानी दिमित्रिओस पोलिओर्केतेसने शहराला वेढा घातला, वर्षभर झगडून त्याला परतावं लागलं. त्याने मागे टाकलेली वेढ्याची यंत्रं विकून पैसा उभा केला आणि सूर्यदेव हेलिओसचा पुतळा उभारला. शिल्पकार लिंडोसचा खारेस. काम १२ वर्षं चाललं. उंची ७० हात, म्हणजे ३२-३३ मीटर. आत दगड आणि लोखंडाचा सांगाडा, वरून काशाचा पत्रा. इ.स.पू. २२६ च्या सुमाराच्या भूकंपात तो गुडघ्यातून मोडला. इजिप्तचा राजा टॉलेमीने पुन्हा उभारायला पैसे देऊ केले, पण दैवी कौल प्रतिकूल आला म्हणून लोकांनी नको म्हटलं. नंतर कित्येक शतकं तुकडे तिथेच पडून होते. रोमन लेखक प्लिनी लिहितो की त्याच्या अंगठ्याला कवेत घेणंही फार थोड्यांना जमायचं. सातव्या शतकात अरबांनी तो धातू विकला आणि ९०० उंटांवर लादून नेला अशी कथा आहे. उंटांचा आकडा मनावर घेऊ नका.

जागा कुठली यावर एकमत नाही. बंदराजवळच्या सेंट निकोलस किल्ल्याची जागा काही जण धरतात, काही अभ्यासक शहराच्या उंच भागातली हेलिओसच्या देवळाची जागा धरतात. हरणांचे खांब फोटोपुरते ठीक.

मंजिरी_त

दांब्वाझ दरवाजा चुकवू नका एवढंच सांगते. १५१२ चा आहे. दोन बुटके गोल बुरूज, मध्ये दार, आणि आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही. वळण, पुन्हा दार, पुन्हा वळण. शिरणारा प्रत्येक वळणावर वरच्या माऱ्याखाली येतो. लोक स्वातंत्र्य दरवाज्यातून शिरतात कारण तो मान्द्राकीला जवळ पडतो. तो १९२४ मध्ये इटालियनांनी वाहतुकीसाठी फोडलेला आहे, त्याला लढाईचा काही इतिहास नाही.

नगरवाला

ग्रँड मास्टरच्या राजवाड्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. लांबच लांब रांग लावून लोक जातात आणि 'मध्ययुगीन' म्हणून फोटो काढतात. मूळ वाडा १८५६ मध्ये जवळच्या चर्चखाली साठवलेल्या दारूच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला. आत्ता उभा आहे तो मुसोलिनीच्या काळात, १९३७ ते १९४० मध्ये इटालियनांनी बांधलेला. जमिनीवरची सुंदर मोझाइक तर कोस बेटावरून उचलून आणलेली. थोडक्यात, १९४० चा सिनेमाचा सेट.

बुरूजबंद

@नगरवाला, सेट म्हणणं जरा जास्त होतं. तळमजल्याच्या काही भिंती जुन्या आहेत, आणि मोझाइक कोसची असली तरी अस्सल आहेत. खालच्या दालनांत प्राचीन आणि मध्ययुगीन र्‍होड्सची प्रदर्शनं आहेत, ती वरच्या झुंबरांपेक्षा किती तरी सरस. पण वेळ कमी असेल तर राजवाडा सोडून नाइटांच्या रुग्णालयात जावं, हे मान्य. बांधकाम १४४० ते १४८९. आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरचा रुग्णांचा लांबट दिवाणखाना अजून तसाच आहे, मधोमध कमानींची रांग आणि भिंतीत छोट्या कोनाड्यांसारख्या खोल्या. नाइट मुळात रुग्णसेवेचा पंथ होता, हे तिथे उभं राहिलं की डोक्यात शिरतं.

ठोकळा

१५२२ च्या वेढ्यात एवढा जाड तट पडला कसा?

बुरूजबंद

पडला असं म्हणता येणार नाही. तहाने दिला.

सुलेमानच्या बाजूला प्रचंड फौज, आत नाइट सहाशेच्या आसपास आणि इतर धरून काही हजार. तोफांनी काम होईना म्हणून ऑटोमन सुरुंग्यांनी खंदकाखालून भुयारं खणायला घेतली. आतल्या बाजूला गाब्रिएले तादिनी नावाचा इटालियन अभियंता होता. त्याने तटाच्या आतून चर खणले आणि जमिनीवर ताणलेल्या कातड्याचे ढोल ठेवले, वर बारीक घुंगरू. खाली कुदळ पडली की कातडं थरथरतं, घुंगरू वाजतं, दिशा कळते. मग त्या दिशेने उलटं भुयार खणायचं आणि शत्रूचं भुयार उडवायचं. तटाच्या पायात त्याने वाफा काढल्यासारखी छिद्रंही पाडली, स्फोटाचा जोर बाहेर निघून जावा म्हणून.

तरी एक सुरुंग निसटला. ४ सप्टेंबर १५२२ ला इंग्लंडच्या तुकड्याखाली स्फोट झाला आणि दहा-अकरा मीटरचं भगदाड पडलं. आतल्यांनी हल्ला परतवला, आत दुसरा आडवा तट घातला. महिने गेले, दारूगोळा संपत आला, युरोपातून मदत आली नाही. डिसेंबरात ग्रँड मास्टर व्हिल्ये द लील-आदामने अटी मान्य केल्या. १ जानेवारी १५२३ ला नाइट शस्त्रांसह बाहेर पडले. १५३० मध्ये त्यांना माल्टा मिळालं.

खंदकातून जाताना सेंट अथानासिओस दरवाज्याच्या पूर्वेचा पट्टा तो इंग्लंडचा. थांबून बघा.

दर्याकिनारी

या नाइटांचा एक धागा आपल्या किनाऱ्याला लागतो, तो इथे नोंदवून ठेवतो. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाझने पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा तिथे मारला गेला. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवला पोर्तुगीजांनी त्याचा वचपा काढला. मामलुकांना नवं आरमार बांधायचं होतं, पण इजिप्तमध्ये जहाजाचं लाकूड नाही. ते अनातोलियाच्या (आजचं तुर्कस्तान) किनाऱ्यावरून आणून पुढे सुएझला न्यावं लागे. ऑगस्ट १५१० मध्ये र्‍होड्सच्या नाइटांनी आयासच्या आखातात हा लाकडाचा ताफाच गाठून फोडला. सेनानी आंद्रे दो आमाराल, स्वतः पोर्तुगीज. तांबड्या समुद्रातलं नवं आरमार त्यामुळे रखडलं. गोवाही १५१० मध्येच पडलं, हे लक्षात घ्या. हाच आमाराल १५२२ च्या वेढ्यात फितुरीच्या आरोपावरून मारला गेला.

शेवंता७

@दर्याकिनारी हे भारीच! चौलला जाणाऱ्यांनाही हे कोणी सांगत नाही.

त्याहून जुना धागा हवा तर र्‍होड्सचे मद्यकुंभ. कानाला वर टोकदार कोपरा असलेले हे कुंभ पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला सापडले आहेत. जुन्या काळातल्या कुंभांच्या कानांवर शिक्के असतात, एका कानावर बनवणाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर त्या वर्षीच्या हेलिओसच्या पुजाऱ्याचं नाव आणि महिना. पुजारी दरवर्षी बदलायचा, म्हणून नुसत्या कानाच्या तुकड्यावरून वर्ष काढता येतं. र्‍होड्सच्या संग्रहालयात गेलात तर हे शिक्के शोधा.

आळशी_भटक्या

इतिहास झाला, आता पोटापाण्याचं आणि व्हिसाचं कोणी तरी लिहा. शिवाय मार्मारिसला बोटीने एक दिवस जाऊन यायचा बेत आहे. तासाभराचंच अंतर आहे म्हणतात.

नगरवाला

@आळशी_भटक्या, थांबा. इथेच लोक अडकतात.

मार्मारिस तुर्कस्तानात आहे, म्हणजे शेंगेनच्या (युरोपातला सामाईक व्हिसाचा प्रदेश, ग्रीस त्यात येतं) बाहेर. तुमचा शेंगेन व्हिसा एक-प्रवेशी असेल तर बोटीवर चढताना तो वापरून संपला. परत येताना ग्रीसमध्ये प्रवेश मिळणार नाही. सामान र्‍होड्सच्या हॉटेलात आणि तुम्ही मार्मारिसच्या धक्क्यावर. स्टिकरवर प्रवेशसंख्येच्या रकान्यात काय छापलं आहे ते बघा. ०१ असेल तर बेत रद्द. बहु-प्रवेशी असेल तर तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा लागेल. चालू शेंगेन व्हिसावर भारतीयांना तुर्की ई-व्हिसाची सोय आहे, तो निघायच्या आधी काढा. बेटांवर पोचल्यावर मिळणारा झटपट व्हिसा तुर्की नागरिकांसाठी आहे, उलट्या दिशेने नाही.

समुद्रात एक दिवस हवाच असेल तर सिमी बेटावर जा. ग्रीसच आहे, व्हिसाचा प्रश्न नाही.

बाकी नेहमीचं: प्रवास विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा, आणि ग्रीसमध्ये सर्वांत जास्त रात्री असतील तर अर्ज ग्रीसकडेच.

मंजिरी_त

हॉटेलच्या खर्चात एक आकडा धरत नाहीत तो म्हणजे हवामान शुल्क. खोलीमागे रात्रीला, आणि बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतं, तिथे पोचल्यावर द्यावं लागतं. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये तीन तारे ५ युरो, चार तारे १०, पाच तारे १५. पाच रात्रींचे चार ताऱ्यांत ५० युरो वर. २०२५ चे दर आहेत, जाण्याआधी पुन्हा बघून घ्या.

दुसरं, जुन्या शहरात राहणार असाल तर हॉटेल दरवाज्यापासून किती आत आहे ते नकाशावर मोजा. गाड्या आत सोडत नाहीत. गल्ल्यांत समुद्रातले गोटे उभे रोवलेले आहेत, त्यावर चाकांची बॅग ओढणं म्हणजे बॅगेचीही वाट आणि मनगटाचीही. पाठीवरची सॅक घ्या, नाही तर दरवाज्यालगतचं हॉटेल. पायात पातळ तळव्याच्या चपला नकोत.

सांजवेळ

शाकाहारी लोकांसाठी :

पितारुदिया मागा. र्‍होड्सचीच खासियत. वाटलेले छोले, कांदा, टोमॅटो, पुदिना घालून तळलेले चपटे वडे. काही ठिकाणी अंडं घालतात, विचारून घ्या. गिगान्तेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल. ब्रिआम म्हणजे वांगी, बटाटे, दुधी-छाप कुर्जेट यांची ओव्हनमधली भाजी. गेमिस्ता म्हणजे भरली टोमॅटो-मिरची, पण त्यात खिमाही असतो, म्हणून नुसत्या भाताची आहे का ते विचारा. दोल्मादेसचं तेच. गरम आणि वर लिंबू-अंड्याचं सार असलेली दोल्मादेस बहुधा मटणाची.

'होरिस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. पण तेवढं पुरत नाही, मटणाच्या पाण्यात शिजवलेलं चालेल असं समजतात. 'निस्तीसिमो' विचारा, म्हणजे त्यांच्या उपासाचं. त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. कोळंबी-माकुळ मात्र चालते, तेवढं वगळायला सांगा.

गोडात मेलेकुनी घ्या. तीळ, मध, बदाम आणि संत्र्याची साल. पूर्वी लग्नात वाटायचे. चिक्कीपेक्षा मऊ, आठवडाभर सहज टिकतात.

ठोकळा

आणि लिंडोस? एका दिवसात उरकतं का?

अर्धवर्तुळ

अर्ध्या दिवसात. पण अर्धा दिवस कोणता यावर सगळं आहे.

शहरापासून अंतर सुमारे ५० किलोमीटर. पूर्व किनाऱ्याच्या बसगाड्या मान्द्राकीजवळच्या नव्या बाजारापासून सुटतात. पश्चिम किनाऱ्याची सेवा वेगळी, थांबा जवळच पण तोच नाही. चुकीच्या रांगेत उभं राहून बस घालवणं फार सोपं आहे. लिंडोसला बस वरच्या चौकात सोडते, तिथून उतारावर गाव. पहिली बस पकडा. दहानंतर क्रूझचे जथे येतात आणि गल्ल्या तुंबतात. नाही तर चारनंतर जा, मात्र शेवटच्या प्रवेशाची वेळ आधी बघा. कडक उन्हाच्या लाटेत ग्रीसमधली उघड्यावरची पुरातत्त्व स्थळं दुपारी बंदही ठेवतात.

अक्रोपोलिस, म्हणजे कड्यावरचा प्राचीन गड, ११६ मीटरवर. सुमारे ३०० पायऱ्या. दगड लाखो पावलांनी गुळगुळीत झालेले, उतरताना जास्त सांभाळायचं. चढाच्या शेवटी, मोठ्या जिन्याच्या आधी, डाव्या हाताला खडकात जहाजाची पिछाडी कोरलेली आहे. बहुतेक जण धापा टाकत तिच्यासमोरूनच वर जातात. इ.स.पू. १८० च्या सुमाराची, शिल्पकार पिथोक्रितोस. त्या जहाजाच्या डेकवर हागेसान्द्रोस नावाच्या माणसाचा काशाचा पुतळा होता. म्हणजे ते कोरीव जहाज हा पुतळ्याचा चौथरा. जहाजबांधणीचे अभ्यासक यावरून मापं काढतात.

वर अथेनाचं देऊळ, त्याआधी ८७ मीटर लांबीचा स्तंभमंडप. देऊळ आकाराने लहानच आहे, कड्याच्या अगदी टोकाला.

नगरवाला

लिंडोसच्या खांबांबद्दल भर. १९०० नंतर डॅनिश पथकाने उत्खनन केलं. मग १९३८-४० मध्ये इटालियनांनी घाईने खांब उभे केले, सिमेंट आणि लोखंडी सळया वापरून. समुद्राची खारी हवा आत शिरली, सळया गंजल्या, फुगल्या आणि आतूनच दगड फोडला. नंतर ग्रीक पुरातत्त्व खात्याला ते सगळं उकलून पुन्हा बांधावं लागलं. आज नवा फिकट दगड आणि जुना काळवंडलेला दगड शेजारी शेजारी दिसतो. आपल्याकडे किल्ल्यांवर सिमेंट थापणाऱ्यांना तिथे सहलीला न्यायला हवं.

शेवंता७

+१००

आणि गाढवांवर बसू नका. २०१८ पासून ग्रीसमध्ये नियम आहे, १०० किलोपेक्षा किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त भार नको. पाळतात किती ते उन्हात रांगेत उभ्या जनावरांकडे बघून समजतं.

मंजिरी_त

गर्दीचा कंटाळा आला तर कामिरोस. पश्चिम किनाऱ्यावर, लिंडोसच्या नेमकं उलट. तट नाही, बुरूज नाही. अख्खं गाव उतारावर पसरलेलं. खाली देऊळ आणि कारंजं, मध्ये घरं, वर अथेनाचं देवस्थान. सर्वांत वर पाण्याचं टाकं आहे, ६०० घनमीटर मावेल एवढं, इ.स.पू. सहाव्या शतकातलं. उतारावरून मातीच्या नळांनी घराघरांत पाणी. गडावरची टाकी बघायची सवय असलेल्यांना पायऱ्या आणि गिलावा लगेच ओळखू येईल. खालून वर जा, म्हणजे पाण्याच्या उलट दिशेने सगळी व्यवस्था उलगडते.

तिथे सावली नाही आणि बस फार तुरळक. परतीची बस आधी बघितल्याशिवाय उतरू नका.

आळशी_भटक्या

फुलपाखरांची दरी म्हणून एक ठिकाण दिसतंय. मे महिन्यात जाणार आहोत.

सांजवेळ

मे महिन्यात जाऊ नका, रिकामी झाडं दिसतील. ती फुलपाखरं नाहीत, पतंग आहेत. जूनअखेरीपासून येतात, जुलै-ऑगस्टमध्ये भर, सप्टेंबरात ओसरतात. बेटभर उन्हाने गवत सुकलं की ओल्या, सावलीच्या पेतालुदेस दरीत हजारोंनी गोळा होतात. खोडांवर पंख मिटून बसतात, तेव्हा काळसर-पिवळसर पट्टेच दिसतात आणि साल कुठे संपते, पतंग कुठे सुरू होतो ते कळत नाही. उडाला की आतले नारिंगी-लाल पंख. तेवढ्यासाठी लोक टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात. त्या काळात पतंग साठवलेल्या चरबीवरच जगतो. प्रत्येक उड्डाणात ती जळते आणि अंडी घालेपर्यंत पुरत नाही. संख्या घटण्याचं ते एक मोठं कारण आहे. टाळी वाजवणाऱ्याला शांतपणे टोका.

मेमध्ये त्याऐवजी एप्ता पिगेस, म्हणजे सात झरे, बघा. १८६ मीटरचा अंधारा बोगदा आहे, घोटाभर थंडगार पाण्यातून वाकून चालायचं. बंद जागेची भीती असेल तर वरून पायवाट आहे, त्याच तळ्यावर पोचते.

दर्याकिनारी

गाडी घेणार असाल तर :

भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना न्या. आरटीओतून मिळतो, एक वर्ष चालतो. भाड्याच्या कंपनीने विचारलं नाही तरी अपघात झाल्यावर विमा कंपनी विचारते. 'पूर्ण विमा' म्हटलं तरी टायर, काचा आणि गाडीचा तळ त्यात धरलेत का ते करारात वाचा. दक्षिणेकडच्या कच्च्या वाटांवर नेमके तेच जातात.

प्रासोनिसीला, बेटाच्या दक्षिण टोकाला, वाळूचा दांडा आहे. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला सपाट पाणी, म्हणून वाऱ्यावरच्या फळीवाल्यांची (विंडसर्फिंगवाल्यांची) ती पंढरी. दांड्यावर गाडी घालू नका. वरून कडक दिसते, चाक फिरलं की आसापर्यंत रुततं. हिवाळ्यात तर दांडा पाण्याखाली जातो.

आंघोळीसाठी पूर्व किनारा. तिथे वारा अडतो आणि वाळू आहे: त्साम्बिका, आगाथी, फालिराकी. पश्चिमेला गोटे आणि लाटा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा असतो, पश्चिमेला छत्र्या उडतात आणि छोट्या बोटी रद्द होतात. सिमीची सहल म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. जुलै २०२३ च्या वणव्यात सुमारे १९,००० लोकांना हलवावं लागलं होतं, तेव्हा भर उन्हाळ्यात फोनवरचे आपत्ती-इशारे बंद करू नका.

अर्धवर्तुळ

एक जागा कोणीच लिहिली नाही. जुन्या शहराच्या पूर्व टोकाला ज्यू मोहल्ला. काहाल शालोम हे १५७७ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), ग्रीसमधलं वापरात असलेलं सर्वांत जुनं. आतली काळ्या-पांढऱ्या गोट्यांची फरसबंदी जरूर बघा, आणि शेजारचं छोटं संग्रहालय. जुलै १९४४ मध्ये इथल्या सुमारे १,७०० ज्यूंना बोटीत कोंबून पायरेअस (अथेन्सचं बंदर) आणि तिथून आउशविट्झच्या नाझी छळछावणीत नेलं. जेमतेम दीडशे वाचले. तुर्की वाणिज्यदूत सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाचा आधार देऊन चाळीसेक जणांना सोडवलं. समुद्रघोड्यांच्या कारंज्याचा चौक आज हुतात्मा ज्यूंच्या नावाने आहे. तिथे आइस्क्रीम खाणाऱ्यांची गर्दी असते आणि स्मारकाचा काळा दगड त्यांच्या पाठीशी. शनिवारी सिनेगॉग पर्यटकांना बंद.

ठोकळा

आई-बाबा बरोबर आहेत, दोघांचे गुडघे दुखतात. मेचा दुसरा आठवडा, चार पूर्ण दिवस. कसं बसवू?

बुरूजबंद

@ठोकळा,

पहिला दिवस जुनं शहर. सकाळी रुग्णालय-संग्रहालय, तिथून नाइटांचा रस्ता वर चढण्याऐवजी टॅक्सीने दांब्वाझ दरवाज्याशी जा आणि रस्ता उतरत या. सगळा इतिहास उताराने बघता येतो. खंदकात त्यांना पूर्ण फेरी नको, दांब्वाझ दरवाज्यापासून थोडं दक्षिणेला जाऊन परत. तुमची फेरी दुसऱ्या दिवशी पहाटे एकट्याने.

दुसरा दिवस लिंडोस. पायऱ्या त्यांनी चढू नयेत. गावातली सतराव्या शतकातली कप्तानांची घरं बघावीत, त्यांचीही फरसबंदी गोट्यांचीच. आणि कॅफेच्या गच्चीवर बसावं, किल्ला तिथून पूर्ण दिसतो. तुम्ही तेवढ्यात दीड तासात वर जाऊन या.

तिसरा दिवस सिमी. मेमध्ये वारा बेताचा असतो, तरी रद्द झालीच तर चौथा दिवस हाताशी. चौथा गाडीने कामिरोस, एम्बोनासची द्राक्षमळ्यांची गावं आणि मोनोलिथोसचा कड्यावरचा किल्ला. शेवटचा दुरूनच सुंदर, वर फारसं काही उरलेलं नाही.

ठोकळा

धन्यवाद! पायरेअसहून रात्रीच्या बोटीने येऊ की विमानाने?

दर्याकिनारी

विमान अथेन्सहून तासाभराचं. बोट थांब्यांप्रमाणे १२ ते १८ तास. आई-बाबांसाठी बोट घेतलीत तर केबिन घ्या, खुर्चीत रात्र काढणं त्यांना झेपणार नाही. आणि र्‍होड्सला बंदरं वेगवेगळी आहेत. पायरेअसच्या मोठ्या बोटी व्यापारी बंदरात लागतात, सिमीच्या वेगवान बोटी कोलोनाहून सुटतात, सहलीच्या बऱ्याच बोटी मान्द्राकीहून. तिकिटावर धक्का लिहिलेला असतो, आदल्या संध्याकाळी चालत जाऊन बघून या. तिन्ही ठिकाणं तटाच्या बाहेरच्या अंगानेच आहेत, पण एकीकडून दुसरीकडे बॅगा घेऊन धावायचं म्हटलं तर वीसेक मिनिटं जातात आणि बोटी वेळेवर सुटतात.